उशिरा उघडलेले दार : केनी वॉशिंग्टन यांची जीवनकथा

इतिहासाचा तास घेताना आम्हांला एक अनुभव नेहमी येतो. एखाद्या कर्तबगार व्यक्तीविषयी सांगू लागलो की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो, ही व्यक्ती कोणत्या गोष्टीत पहिली? स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी त्यांना ही सवय लावली आहे. पहिला पदवीधर, पहिला मंत्री, पहिला खेळाडू अशा याद्या त्यांना तोंडपाठ असतात. या यादीला आमची हरकत नाही; मात्र तिच्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत, असा आमचा आग्रह असतो. पहिला माणूस यायला इतका उशीर का झाला? आणि बंद असलेले दार अखेर कोणी, कोणत्या आधारावर उघडायला लावले? हे दोन प्रश्न राहून गेले तर पहिला या शब्दाने सन्मान कमी होतो आणि अन्यायच अधिक झाकला जातो.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्यांच्या आयुष्यात लख्ख दिसतात असे एक खेळाडू म्हणजे अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे केनी वॉशिंग्टन. अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये कृष्णवर्णीयांवर बारा हंगाम अघोषित बंदी होती. ती मोडून १९४६ साली करारबद्ध झालेले पहिले खेळाडू ते होते. बेसबॉलमधील वर्णभिंत ओलांडणारे जॅकी रॉबिन्सन यांचे नाव जगभर पोहोचले. त्याच रॉबिन्सन यांच्याबरोबर एकाच विद्यापीठाच्या संघात खेळलेले वॉशिंग्टन मात्र त्यांच्या स्वतःच्या देशातही बरीच वर्षे विस्मरणात राहिले.

पुढील हकिगत समजण्यासाठी या खेळाची थोडी ओळख हवी. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू लंबगोल असतो आणि तो प्रामुख्याने हातात घेऊन पळायचा किंवा सहकाऱ्याकडे फेकायचा असतो. दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू असतात. शंभर यार्डांच्या मैदानावर चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे पोहोचणे म्हणजे टचडाउन. चेंडू घेऊन पळणाऱ्याला प्रतिपक्ष अंगावर झेप घेऊन जमिनीवर पाडतो. कबड्डीतील पकड ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या धडकेची कल्पना येईल. फरक इतकाच की येथे दोन्ही बाजू पूर्ण वेगाने धावत येऊन भिडतात. अशा खेळात खेळाडूचे गुडघे हे त्याचे भांडवल असते आणि ते फार वर्षे टिकत नाही. वॉशिंग्टन यांच्या कथेत हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

केनी वॉशिंग्टन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९१८ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडील एडगर, ज्यांना लोक ब्लू या नावाने ओळखत, कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र बेसबॉल लीगमध्ये खेळले होते आणि पुढे हॉलिवूडच्या चित्रपटांतून लहानसहान भूमिका करीत. या दोन्ही व्यवसायांमुळे त्यांचे घरी राहणे कमीच. केनीचे संगोपन केले ते आजी सुझी आणि काका रॉस्को यांनी. आजी शाळेत साफसफाईचे काम करीत असत. काका लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात होते आणि त्या काळात कृष्णवर्णीयांना दुर्मीळ असलेल्या अधिकारपदापर्यंत पोहोचले. झाडू हाती घेऊन शाळा स्वच्छ ठेवणारी आजी आणि गणवेशाची शिस्त पाळणारा काका, या दोघांच्या सावलीत हा मुलगा वाढला. घर लिंकन हाइट्स या भागात होते. तेथे इटलीहून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती होती. गोऱ्या मुलांबरोबर गल्लीत खेळतच केनी मोठा झाला. खेळाच्या मैदानावर रंगावरून माणसे वेगळी काढली जातात, हे त्याला बालपणी नव्हे, तर तरुणपणी आणि तेही मोठ्या पैशाच्या खेळात कळले.

लिंकन हायस्कूलमध्ये असताना केनीने फुटबॉल आणि बेसबॉल या दोन्ही खेळांत नाव कमावले. १९३६ साली तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत दाखल झाला. ही शाखा यूसीएलए या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. १९३७ ते १९३९ असे तीन हंगाम तो विद्यापीठाच्या मुख्य संघातून तेरा क्रमांकाची जर्सी घालून खेळला. त्याच्यासोबत वुडी स्ट्रोड हे दुसरे कृष्णवर्णीय खेळाडू होते. १९३९ मध्ये जॅकी रॉबिन्सन आणि रे बार्टलेट हेही संघात आले. देशातील बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या संघांत एकही कृष्णवर्णीय दिसत नसताना एका संघात चार जण असणे ही त्या काळात असाधारण गोष्ट होती.

वॉशिंग्टन यांच्या खेळाची थोरवी सांगायला विशेषणांची गरज नाही, आकडे पुरेसे आहेत. १९३९ च्या हंगामात धावून आणि चेंडू फेकून मिळून त्यांनी १,३७० यार्ड मिळवले आणि त्या वर्षी संपूर्ण देशातील महाविद्यालयीन खेळाडूंत ते पहिले आले. त्या हंगामातील दहा सामन्यांच्या ६०० मिनिटांपैकी ५८० मिनिटे ते मैदानावर होते, कारण त्या काळी तोच खेळाडू आक्रमण करी आणि बचावही करी. तीन वर्षांत केवळ धावून त्यांनी १,९१५ यार्ड मिळवले. विद्यापीठातील हा विक्रम चौतीस वर्षे अबाधित राहिला. बेसबॉलमध्येही त्यांची फलंदाजी अशी होती की विद्यापीठाच्या पातळीवर रॉबिन्सन त्यांच्या मागे होते.

९ डिसेंबर १९३९ हा दिवस त्यांच्या आयुष्यातील एक टोक म्हणावा लागेल. त्या दिवशी लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कॉलिसियम या विशाल क्रीडागारात यूसीएलए आणि शेजारचे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांचा सामना झाला. प्रेक्षकांची संख्या एक लाखाहून अधिक होती. सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. शेवटच्या क्षणी यूसीएलएचा संघ अंतिम रेषेपासून अवघ्या काही यार्डांवर पोहोचून अडला. खेळ संपायला काही सेकंद उरले असता प्रशिक्षकांनी वॉशिंग्टन यांना बाहेर बोलावले आणि ते मैदान सोडू लागताच सारे क्रीडागार उभे राहिले. आपल्याच नव्हे, प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या प्रेक्षकांनीही त्यांना मानवंदना दिली.

आता त्याच तारखेची दुसरी नोंद पाहावी. त्याच ९ डिसेंबर रोजी मिलवॉकी शहरातील एका हॉटेलात नॅशनल फुटबॉल लीगच्या संघमालकांची वार्षिक निवड चालू होती. महाविद्यालये सोडणाऱ्या खेळाडूंतून कोणी कोणाला घ्यायचे, हे तेथे ठरत असे. दहा संघांनी मिळून सुमारे दोनशे नावे पुकारली. देशात सर्वाधिक यार्ड मिळवणाऱ्या खेळाडूचे नाव त्यांत नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये एक लाख माणसे ज्याच्यासाठी उभी राहिली, त्याचे नाव मिलवॉकीतील त्या खोलीत एकानेही उच्चारले नाही. बहिष्कार कसा असतो, हे समजावून सांगायला इतिहासाच्या शिक्षकाला याहून नेमका दाखला क्वचितच मिळेल. गुणवत्तेच्या परीक्षेत वॉशिंग्टन नापास झाले नव्हते. परीक्षेच्या यादीतच त्यांचे नाव घेतले गेले नव्हते.

या बहिष्काराचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. लीग १९२० साली स्थापन झाली तेव्हा ती सर्वस्वी गोऱ्यांची नव्हती. १९२० ते १९३३ या काळात तेरा कृष्णवर्णीय खेळाडू तिच्यात खेळले. त्यांपैकी फ्रिट्झ पोलार्ड यांनी १९२१ साली एका संघाच्या प्रशिक्षकपदाची धुराही सांभाळली होती. १९३३ च्या हंगामात जो लिलार्ड आणि रे केम्प हे दोघेच उरले होते. तो हंगाम संपल्यावर तेही गेले आणि नंतर १९४५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नाही. म्हणजे दार आधीपासून बंद नव्हते. ते उघडे होते आणि मग लावले गेले. समाज काळाबरोबर आपोआप पुढे जातो, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या बंदीचा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. कोणत्याही ठरावात, घटनेत वा परिपत्रकात तो सापडत नाही. मालकांपैकी काहींनी पुढे, अशी बंदी कधी नव्हतीच, असा पवित्रा घेतला. कोणी म्हणे, लायक खेळाडू मिळत नाहीत. कोणी महामंदीचे आणि बेकारीचे कारण पुढे करी. बॉस्टनचा आणि पुढे वॉशिंग्टन शहरात नेलेला संघ ज्यांच्या मालकीचा होता ते जॉर्ज प्रेस्टन मार्शल या बंदीचे प्रमुख पुरस्कर्ते होते, असे इतिहासकार मानतात. लिहिलेला नियम दाखवून त्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. न लिहिलेल्या नियमाशी लढताना, असा नियम अस्तित्वात आहे, हेच आधी सिद्ध करावे लागते.

१९४० च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर उत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूंचा संघ आणि व्यावसायिक विजेता ग्रीन बे पॅकर्स यांच्यात सामना झाला. त्यात वॉशिंग्टन यांना खेळता आले आणि त्यांनी टचडाउनही केले. शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांनी त्यांना थोडे दिवस शहरात थांबायला सांगितले. त्यांना संघात घेता येते का, हे ते पाहणार होते. वॉशिंग्टन थांबले. काही आठवड्यांनी त्यांना परत जायला सांगण्यात आले. आशा दाखवून परत पाठवण्याचा तो अनुभव बावीस वर्षांच्या तरुणाला काय वाटला असेल, याची कल्पना आमच्या वाचकांना आम्ही करून द्यायला नको.

मग वॉशिंग्टन पश्चिम किनाऱ्यावरच खेळत राहिले. तेथे नव्याने सुरू झालेल्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये हॉलिवूड बेअर्स नावाचा संघ होता. त्या संघाचे ते सर्वांत मोठे आकर्षण ठरले. त्यांना पाहायला लोक तिकिटे काढून येत आणि त्यांना मोबदलाही चांगला मिळे. परंतु ती लीग दुय्यम मानली जाई, तिची दखल देशभरची वृत्तपत्रे घेत नसत. शिवाय धडका तर तेथेही तितक्याच जोराच्या होत्या. गुडघ्यांना दुखापती झाल्या, वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. बावीस ते सत्तावीस ही वर्षे म्हणजे या खेळातील खेळाडूचा सुवर्णकाळ. तो सारा काळ मुख्य प्रवाहाच्या बाहेर निघून गेला. दरम्यान दुसरे महायुद्ध झाले आणि वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराविरुद्ध लढलेले लाखो कृष्णवर्णीय सैनिक मायदेशी परतून पाहू लागले, तर देशात दारे होती तशीच बंद होती.

१९४५ साली लीगचे विजेतेपद क्लीव्हलँड रॅम्स या संघाने मिळवले. विजयानंतर महिन्याभरातच, जानेवारी १९४६ मध्ये, मालक डॅन रीव्ह्ज यांनी संघ लॉस एंजेलिसला हलवण्याचा निर्णय घेतला. संघाला मैदान हवे होते आणि शहरात त्या तोलाचे मैदान एकच होते, ते म्हणजे कॉलिसियम. हे क्रीडागार खासगी नव्हते. ते सार्वजनिक मालकीचे होते आणि त्याचा कारभार सार्वजनिक आयोगाकडे होता. नेमका येथेच इतिहासाला कलाटणी मिळाली.

आयोगाच्या जानेवारीतील बैठकीत रॅम्सचे व्यवस्थापक मैदान मागायला आले, तेव्हा हॅली हार्डिंग नावाचे एक पत्रकार बोलायला उभे राहिले. ते लॉस एंजेलिस ट्रिब्यून या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा-स्तंभलेखक होते आणि स्वतःही खेळाडू राहिलेले होते. त्यांनी लीगचा आरंभीचा इतिहास सांगितला आणि त्यात कृष्णवर्णीय खेळाडू होते, याची आठवण करून दिली. युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांनी दिलेल्या बलिदानाचा उल्लेख केला. केनी वॉशिंग्टन यांच्यासारखा खेळाडू याच शहरात असूनही त्याला लीगमध्ये स्थान नाही, हे दाखवून दिले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा साधा होता. हे क्रीडागार सर्वांच्या करातून उभे राहिले आहे. त्या करात कृष्णवर्णीयांचाही पैसा आहे. मग त्यांना वगळणाऱ्या संघाला ते भाड्याने कसे देता येईल? रॅम्सच्या व्यवस्थापकांना, अशी काही बंदी आमच्याकडे नाही, असे जाहीरपणे म्हणावे लागले. न लिहिलेल्या नियमाचे हेच दुबळेपण असते. चारचौघांत, नोंदवहीसमोर त्याचे समर्थन करता येत नाही. बंदी नाही ना, मग घेऊन दाखवा, एवढेच आता उरले होते. हार्डिंग आणि त्यांच्या सहकारी पत्रकारांनी पाठपुरावा सोडला नाही.

२१ मार्च १९४६ रोजी केनी वॉशिंग्टन यांनी लॉस एंजेलिस रॅम्सशी करार केला. काही आठवड्यांनी, मे महिन्यात, वुडी स्ट्रोड यांनाही घेण्यात आले. सोबतीला कोण हवे, असे विचारल्यावर वॉशिंग्टन यांनी आपल्या जुन्या मित्राचे नाव सुचवले होते. मैदानाच्या भाडेकराराचा प्रश्न नसता तर हे घडले नसते, असे संघाच्या एका प्रशिक्षकाने पुढे मान्य केले. कोणा उदार मालकाच्या हृदयपरिवर्तनाने हे दार उघडले नाही. सार्वजनिक मालमत्तेवर सर्वांचा हक्क असतो, हा मुद्दा एका माणसाने योग्य ठिकाणी, योग्य वेळी, निर्भयपणे मांडला आणि इतरांनी तो लावून धरला, म्हणून ते उघडले.

हा मुद्दा आमच्या वाचकांना नवा वाटणार नाही. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात मंजूर करून घेतलेल्या ठरावाचे तत्त्व हेच होते की, सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्यांची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी प्रत्यक्ष पाणी हाती घेईपर्यंत तो हक्क कागदावरच राहिला. महाडला हक्क लिहिलेला होता आणि व्यवहारात नव्हता. अमेरिकेच्या लीगमध्ये बंदी व्यवहारात होती आणि लिहिलेली नव्हती. दोन्ही ठिकाणी कागद आणि व्यवहार यांमधील हे अंतर माणसांनाच चालून पार करावे लागले. वॉशिंग्टन यांचा करार झाला त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवली होती आणि डुबॉइस यांनी जुलैअखेरीस त्याला उत्तरही दिले होते. दोन दूरच्या समाजांचे नेते एकमेकांच्या लढ्याकडे किती बारकाईने पाहत होते, हे यातून दिसते.

दार उघडले खरे. पण आत पाऊल टाकणारे वॉशिंग्टन सत्तावीस वर्षांचे होते आणि गुडघे निकामी होत आले होते. पहिल्या हंगामात त्यांना केवळ तेवीस वेळा चेंडू घेऊन धावता आले आणि त्यांनी ११४ यार्ड मिळवले. प्रतिपक्षाचे खेळाडू त्यांना पाडल्यावरही अंगावर पडत, ठोसे मारत. मैदानाच्या रेषा आखायला वापरलेला चुना त्यांच्या डोळ्यांत चोळला जाई, असे त्यांच्या गोऱ्या सहखेळाडूने पुढे सांगितले आहे. संघ परगावी गेला की काही हॉटेले त्यांना प्रवेश देत नसत. शिकागोला वॉशिंग्टन आणि स्ट्रोड यांना संघापासून वेगळे, कृष्णवर्णीयांच्या हॉटेलात राहावे लागले. करारपत्रावर सही झाली म्हणून बहिष्कार संपत नाही. तो जेवणाच्या टेबलापासून झोपायच्या खोलीपर्यंत पाठलाग करतो.

अशा परिस्थितीत १९४७ चा हंगाम आला. त्या हंगामात वॉशिंग्टन यांनी साठ धावांत ४४४ यार्ड मिळवले. एका धावेमागे सरासरी ७.४ यार्ड, आणि ही सरासरी त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये सर्वोत्तम होती. २ नोव्हेंबर १९४७ रोजी, त्या वर्षी पुढे विजेतेपद मिळवणाऱ्या शिकागो कार्डिनल्सविरुद्ध, ते चेंडू घेऊन ९२ यार्ड धावले आणि टचडाउन केले. शंभर यार्डांच्या मैदानाचे जवळजवळ एक टोक ते दुसरे टोक! रॅम्स संघाच्या इतिहासातील सर्वांत लांब धाव म्हणून ती आजही नोंदलेली आहे. शस्त्रक्रियांनी जर्जर झालेल्या गुडघ्यांवर ही धाव होती. ती वाचताना मनात आनंदाबरोबर एक हुरहुर दाटून येते. बाविसाव्या वर्षी, धडधाकट पायांनी हा खेळाडू काय करू शकला असता!

१९४८ च्या हंगामानंतर त्यांनी निवृत्ती पत्करली. त्या डिसेंबरमध्ये कॉलिसियममध्ये त्यांचा सत्कार करून त्यांना निरोप देण्यात आला. नऊ वर्षांपूर्वी जेथे लोक त्यांच्यासाठी उभे राहिले होते तेच ते मैदान. लीगमधील तीन हंगामांची त्यांची एकूण नोंद १४० धावा, ८५९ यार्ड आणि सरासरी ६.१ अशी आहे. हे आकडे एरवी लहान वाटतील. परंतु त्यांत न दिसणारी सहा वर्षे जो वाचू शकेल त्यालाच त्यांचा अर्थ कळेल.

१९५० साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाच्या शिबिरात जाऊन आपले नशीब आजमावले. तेथेही वय आड आले. त्यांनी काही चित्रपटांत लहान भूमिका केल्या. त्यांत १९४९ चा ‘पिंकी’ आणि १९५० चा ‘द जॅकी रॉबिन्सन स्टोरी’ हे होते. आपल्या विद्यापीठातील सहकाऱ्याच्या जीवनावरील चित्रपटात, ज्या संघात त्याच्या बरोबरीने खेळलो त्याच्या पुढे निघून गेलेल्या कीर्तीच्या कथेत, त्यांनी एक किरकोळ पात्र रंगवले. याबद्दल त्यांनी कडवटपणा दाखवल्याची नोंद आमच्या वाचनात नाही. काही काळ ते पोलीस दलात होते, नंतर व्यवसायात स्थिरावले. १९५६ साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात त्यांना स्थान मिळाले. यूसीएलएने त्यांचा तेरा हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. त्या विद्यापीठाने असा मान दिलेले ते पहिले खेळाडू. २४ जून १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी जॅकी रॉबिन्सन यांनी त्यांच्याविषयी एक लेख लिहिला. आपण पाहिलेला सर्वांत श्रेष्ठ फुटबॉल खेळाडू म्हणून त्यांचा गौरव करून, योग्य वयात संधी न मिळाल्याचे खोल दुःख वॉशिंग्टन यांच्या मनात राहिले असणार, असे त्यांनी नमूद केले. यशस्वी झालेल्याने मागे राहिलेल्या सोबत्याचे ऋण मान्य करणे हे रॉबिन्सन यांच्या थोर मनाचे लक्षण होय.

वॉशिंग्टन यांच्या मागून आलेल्यांना मात्र वेळेवर दार उघडे मिळाले. १९४६ च्या उन्हाळ्यातच बिल विलिस आणि मॅरियन मॉटली हे क्लीव्हलँड ब्राउन्सकडून एका प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळू लागले आणि पुढे दोघेही व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात गेले. सर्वांत शेवटी नमला तो जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांचा संघ. त्याचे नवे क्रीडागार केंद्र सरकारच्या जमिनीवर उभे होते. १९६१ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या जमिनींचा कारभार पाहणारे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी, भेदभाव करणाऱ्याला ही जागा वापरता येणार नाही, असे बजावले. १९६२ च्या हंगामात त्या संघात बॉबी मिचेल आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडू दिसू लागले. हार्डिंग यांनी सोळा वर्षांपूर्वी वापरलेली किल्ली तेथेही लागू पडली. जागा सर्वांची असेल तर हक्कही सर्वांचा.

व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात सदस्य म्हणून वॉशिंग्टन यांची निवड झालेली नाही. २०२२ साली त्या संस्थेने वॉशिंग्टन, स्ट्रोड, मॉटली आणि विलिस या चौघांना मिळून अग्रणी म्हणून पुरस्कार दिला, तेव्हा चौघांपैकी एकही हयात नव्हता. तीन हंगामांच्या आकड्यांवरून माणसाला मोजायचे आणि त्याचे बाकीचे हंगाम कोणी हिरावले ते विचारायचे नाही, हा हिशेब आम्हांला न्याय्य वाटत नाही.

या स्मरणिकेच्या वाचकांत आपल्या घराण्यातील पहिले पदवीधर, आपल्या गावातील पहिले अधिकारी, आपल्या कार्यालयातील पहिले अभियंते असतील. त्यांचा आम्हांला अभिमान आहे. परंतु त्यांनी आपल्या मुलांना पहिलेपणाची गोष्ट सांगताना तीन माणसे विसरू नयेत. झाडू मारून नातवाला वाढवणारी ती आजी. भर बैठकीत उठून सर्वांच्या पैशाचा हिशेब विचारणारा तो पत्रकार. आणि दुखऱ्या गुडघ्यांनी का होईना, दार उघडताच ९२ यार्ड धावून गेलेला तो खेळाडू. आमच्या वर्गातील मुलांना आम्ही आता केनी वॉशिंग्टन यांचे नाव सांगतो. त्यांनी पहिला कोण असे विचारले की आम्ही उत्तर देतो, आणि मग इतका उशीर का झाला, हे त्यांनाच शोधायला लावतो.